धुळाची घाई

माणदेशातल्या एका गावात धुळा नावाचा मेंढपाळ राहत होता. दिवाळी सरली की तो बायकोला, सुंदराला, घेऊन कळपासह कोकणात उतरायचा. एके वर्षी नेमक्या निघायच्या वेळी त्याला सर्दीताप आला.

सुंदरा म्हणाली, "मेंढरांना इथं चारा न्हाई. मी भावाला घेऊन पुढं होते. बरं वाटलं की या मागनं."

कळप गेला. मेंढरं कोंडायचा वाडगा रिकामा पडला, तो धुळाला बघवेना. लवकर बरं व्हायचं म्हणून त्याने दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. ताप उतरला, पण पोट बिघडलं. त्याने तसल्याच दुसऱ्या गोळ्या आणून घेतल्या, मग तिसऱ्या. घोंगडं खांद्यावर टाकून निघावं, तर वेशीपाशीच पाय लटपटत. शेवटी उरलेल्या गोळ्या खिशात घालून तो दवाखान्यात गेला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कोणी सांगितलं होतं या घ्यायला?"

"कुणी न्हाई. जीव तिकडं लागलाय, बाई."

"सर्दीवर या गोळ्या चालतच नाहीत. ताप आपोआपच उतरला. रोगाशी लढणाऱ्या पेशी तुमच्या रक्तात आहेत. पोटातले चांगले जंतू त्यांना बळ देतात. गोळ्यांनी तेच मारले. काही गोळ्या तर त्या पेशींचं कामही मंद करतात."

"मग आता कंचं औषध?"

"आता नीट जेवायचं आणि थांबायचं. अशा गोळ्यांची खरंच गरज पडली, तर मीच देईन. तेव्हा मात्र एकही चुकवायची नाही."

धुळा थांबला. एका संध्याकाळी सुंदराचा फोन आला. "कोकरं झाली. तुमची लई सय येते." मागून कोकरांचं कोवळं बें-बें ऐकू येत होतं. फोन बंद झाल्यावरही धुळाने तो कानापासून काढला नाही.

त्याच आठवड्यात नाक पुन्हा वाहू लागलं, अंग कसकसलं. उरलेल्या गोळ्या फळीवर होत्या. त्याचा हात तिकडे गेला. पण तो तसाच उठला आणि दवाखान्यात जाऊन आला. बाई म्हणाल्या, "साधी सर्दी आहे. गोळ्या नकोत. अंगच निभावेल." धुळा घरी येऊन घोंगडं पांघरून पडून राहिला. सर्दी आपोआप गेली. अंगात हळूहळू ताकद भरली.

मग तो घाट उतरला. सुंदरा दिसली आणि तो झपाझप तिच्याकडे गेला. त्याने हाळी दिली, तशी मोठी मेंढरं धावत आली. कोकरं मात्र बुजून लांब पळाली. त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

धुळा गवतात बसला आणि त्यांची वाट पाहू लागला.

तात्पर्य: गरज नसताना घेतलेलं औषध अंगातल्या राखणदारांनाच दुबळं करतं, औषध जाणत्याच्या सल्ल्याने घ्यावं आणि शरीराला त्याचा वेळ द्यावा.