हळकुंडांवरचा लॅपटॉप

सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे बडे व्यापारी रायगोंडा मगदूम ऊर्फ अण्णा यांचा लॅपटॉप पंधरा मिनिटं चालायचा आणि मान टाकायचा. तोही ऐन ऑनलाइन सौद्यात! अण्णांनी बोली लावायला बोट उचललं की पडदा काळा. पंधरवड्यात राजापुरी हळदीचे चार चांगले ढीग समोरच्या पेढीने उचलून नेले.

मेकॅनिक तीनदा येऊन गेला. त्याच्या दुकानात लॅपटॉप दिवसभर गुणी लेकरासारखा चालायचा, पेढीवर आणला की पुन्हा तेच. बॅटरी बदलली, चार्जर बदलला. आता बदलायचं राहिलं होतं ते माणूस. माल नासला की आधी हमालाकडे बघायचं, ही पेढीची जुनी रीत. अण्णांनी झाडलोट करणाऱ्या मालनकडे बघितलं.

"रोज फडकं तूच मारतेस ना? ओलं मारत असशील."

"कोरडं मारते, अण्णा."

"मग बिघडला कसा? अकराच्या सौद्याआधी नीट कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मालनने पदर खोचला. घरात तिच्या एकटीच्या कामावर चूल पेटत होती.

गणपुले दिवाणजी मध्ये पडले. "अण्णा, मेकॅनिक हरला तिथं ही काय करणार?"

"तेच बघायचंय. एकही स्क्रू खोलायचा नाही. लॅपटॉप गादीवरून उतरवायचा नाही, आमच्या आजोबांची बैठक आहे ती. आणि बाजारातून काही आणायचं नाही."

"चौथी अट असंल तर आत्ताच सांगा," मालन म्हणाली. "मागनं नको."

मग तिने लॅपटॉप सोडून दिवाणजींनाच धरलं.

"मेकॅनिकनं ह्यो कशावर ठिवला हुता?"

"काचेच्या टेबलावर."

"आन् आपल्या गादीत नवा कापूस कधी भरला?"

"पाडव्याला. का गं?"

"आन् ह्यो बंद पडाय कधी लागला?"

दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवला. "पाडव्यानंतरच की!"

थप्पीतल्या पोत्यांमध्ये ऊब बघायला घालावा तसा मालनने लॅपटॉपखाली हात घातला आणि चटकन मागे घेतला. लॅपटॉप बंद करून ती आत गेली. येताना एका हातात जेवायला बसायचा पाट, दुसऱ्या हातात गोदामातली चार जाड हळकुंडं. पाट गादीवर, हळकुंडं पाटावर चार कोपऱ्यांना, आणि त्यांच्यावर लॅपटॉप.

अण्णा बघत राहिले. "दुरुस्ती चाललीय का पूजा?"

"अण्णा, हमालानं पोती नुसत्या जमिनीवर रचली तर?"

"शिव्या खाईल माझ्या. आधी फळ्या टाकायच्या, मग थप्पी. खालून वारा लागला नाही तर माल आतून तापतो, आणि..." अण्णा लॅपटॉपखाली वाकून बघू लागले.

"ह्याची बी वाऱ्याची भोकं पोटाखाली हायती. तुम्ही त्याला मऊ गादीत नाक दाबून बसवलाय. टेबलावर बरा, गादीवर आजारी. मशीन कशाला बिघडंल?"

अकराला सौदा सुरू झाला. पंधरा मिनिटं गेली. दिवाणजी श्वास रोखून घड्याळ बघत होते, मालन झाडू घेऊन दाराशी उभी होती. वीस मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला अण्णांनी बटण दाबलं आणि राजापुरीचा सगळ्यात मोठा ढीग मगदूम पेढीच्या नावावर पडला.

अण्णांनी लॅपटॉपभोवती मान फिरवून पाहिलं. स्क्रू जागच्या जागी, लॅपटॉप गादीवरच, हळकुंडं घरची. हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "ह्याचं जमलं. पण माझं डोकं तापतं, त्याला काय करशील?"

"तुमच्या टोपीला भोकं न्हाईत, अण्णा. ती काढून ठिवा. आन् डोकं गार हुईस्तोवर कुणाला कामावरनं काढू नका."

दिवाणजींनी घाईघाईने वहीत तोंड घातलं. अण्णांनी टोपी काढून मांडीवर आपटली आणि ते असे हसले की गादी हलली आणि दिवाणजींना लॅपटॉप दोन्ही हातांनी धरावा लागला. हसतहसतच त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून मालनपुढे केला.

"झाडू ठेव तो. आजपासून गोदामाची मुकादम तू."