उजेडातला टीव्ही

"मग या उजेडाचं काय करायचं, बुवा?"

हणमंतानं पुन्हा विचारलं. रंगनाथबुवा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी नदीकडं पाहिलं, मग वर छताकडं. पाण्यावरून परतलेलं ऊन छताच्या फळ्यांवर हलत होतं.

"त्यानं तुझं काय केलंय?"

"चित्र खातोय तो, बुवा. सगळं चित्र खातोय."

"हं..." बुवा म्हणाले.

कृष्णेच्या काठी, गावापासून जरा बाजूला बुवांचा मठ. मठाचा सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा. नुसते खांब आणि वर कौलं. सकाळी झाडांमधून ऊन आत यायचं, दुपारी नदीवरून. इथं दिवसा अंधार असा कधी कुणी पाहिलाच नव्हता.

हणमंत पाटोळे याच मठात वाढला. आईबाप गेले तेव्हा गावकऱ्यांनी त्याला इथं आणून सोडलं होतं. आता सांगलीत त्याचं टीव्हीचं दुकान होतं, मोठं, सगळं काचेचं. खिडकी कुठं आहे, भिंतीचा रंग कोणता, हे नुसतं ऐकून तो घराला टीव्ही सुचवायचा. त्याचा शब्द सहसा चुकत नसे. तसं लोक म्हणत, आणि लोक तसं म्हणतात हे त्याला ठाऊक होतं.

मंडपातला जुना टीव्ही केव्हाच बंद पडला होता. लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, काळा-पांढरा. गावातला पहिला टीव्ही तो. आतल्या खोलीत गाव मावेना, म्हणून तो मंडपात आणून ठेवला होता. पुढं घरोघरी टीव्ही झाले आणि दुपारचा मंडप ओस पडला. म्हातारी माणसं आपापल्या घरात एकेकटी बसू लागली.

बुवांनी हणमंताकडं आजवर काही मागितलं नव्हतं. त्याला ते सलत होतं. मंडपात पुन्हा टीव्ही आणू, माणसं पुन्हा जमतील, हीच आपली गुरुदक्षिणा, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं टेम्पोतून दोन टीव्ही आणले आणि शेजारी शेजारी लावून दाखवले.

एकाचा पडदा चकचकीत. त्यातला काळा रंग विहिरीत डोकावल्यासारखा खोल. पण त्या काळ्यात औदुंबर दिसायचा, नदी दिसायची आणि मधोमध हणमंताचं स्वतःचं तोंड.

दुसऱ्याचा पडदा किंचित खरखरीत. तो प्रतिबिंब धरत नव्हता. उजेडाला उजेडानं तोंड द्यायचा. पण ऊन कलून नदी चमकायला लागली, की त्याचेही रंग उतरायचे.

"यात चांगला कोणता?" बुवांनी विचारलं.

"अंधाऱ्या खोलीत पहिला. उजेडाच्या खोलीत दुसरा."

"आणि इथं?"

"इथला उजेड कुणालाच दाद देत नाही." हणमंतानं तिन्ही बाजूंवरून नजर फिरवली. "बुवा, पडदे लावू का? तिन्ही बाजूंनी, जाड. मग पहिला ठेवता येईल. त्याच्यासारखं चित्र जिल्ह्यात कुठं नसेल."

बुवांनी खांबावरून हात फिरवला.

"दक्षिणा तुझी... तूच ठरव."

बोलणं ऐकून चंद्राक्का आतून आली. एक हात खांबावर, दुसरा पुढं. ती मठातलं जुनं माणूस. तरुणपणीच तिची नजर गेली होती. मठाच्या समईला लागणाऱ्या वाती तिच्याच हातच्या. लहानग्या हणमंताला न्हाऊ घालायची, जेवू घालायची, ती तीच.

"आणलास व्हय रे?" तिनं विचारलं. हणमंतानं तिचा हात धरून पडद्यावर ठेवला. ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत गेली, तेवढा हात पडद्यावरून सरकत गेला.

"बया... दारापेक्षा मोठा हाय की. आता गावाला झकास दिसंल."

ती मनापासून खूश झाली. हणमंताला बरं वाटलं.

पडदे आले. जाड, काळपट निळे. माणसं लावून त्यानं ते खांबाखांबाला बसवून घेतले. आणि रविवारी दुपारी, बाहेर रखरखीत ऊन असताना, मंडपात अंधार झाला.

माणसं जमली. कैक वर्षांनंतर एकमेकांना इथं पाहून हसली. कुणी आपली जुनी जागा शोधली. कुणी शेजारची जागा रिकामी ठेवली, कारण तिथं बसणारं माणूस आता नव्हतं. चंद्राक्का मधल्या खांबाशी बसली, मांडीवर कापूस घेऊन.

हणमंतानं ध्रुवबाळाची गोष्ट लावली.

राजवाडा उजळला. राणीच्या शालूचे काठ, राजाच्या कानातले मोती, दिव्याच्या ज्योतीभोवतीचा पिवळा उजेड... एकेक गोष्ट अशी, की हात पुढं करावा. मंडपभर नुसता श्वासांचा आवाज. मान वळवायची कुणाला आठवण नव्हती.

हणमंत मागं उभा होता. हेच त्याला हवं होतं. बुवांच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते पाहावं म्हणून त्यानं तिकडं नजर टाकली.

बुवा टीव्हीकडं पाहत नव्हते. ते चंद्राक्काकडं पाहत होते.

तिनं डावीकडं तोंड वळवलं, मग उजवीकडं.

"कोण आलं गं?" तिनं हळूच विचारलं.

"थांब आक्का जरा," शेजारणीनं पुटपुटून सांगितलं. तिचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत.

आक्का थांबली. वाद्यं वाजली, कुणीतरी रडलं, घोडे धावले. तिनं पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनं कापूस पदरात गुंडाळला, चाचपडत जाड पडद्याची कड शोधली आणि बाहेर गेली.

हणमंत तिच्या मागोमाग गेला. ती घाटाच्या वरच्या पायरीवर बसली होती. ऊन तोंडावर घेऊन.

"का उठलीस, आक्का?"

"बसू दे की हितं जरा."

"आवाज बारीक वाटला का? वाढवतो."

"आवाज येतोय रे बाबा." ती वाती वळायला लागली. "पर कुणी बोलंना."

हणमंत तिच्या शेजारी टेकला. नदीवर कुणी नव्हतं.

आणि त्याला तो लाकडी पेटीतला टीव्ही आठवला. सिग्नल अधू, वर ऊन. त्यात काय दिसायचं? मुंग्या. मुंग्यांच्या मागं सावल्या. तो राजा की प्रधान, यावर अर्धा मंडप भांडायचा. पुढं बसलेला मागच्याला सांगायचा, मागचा त्याच्या मागच्याला, आणि तिथंवर जाता जाता राजाचा प्रधान झालेला असायचा. दोन बाया तर एकच गोष्ट दोन तऱ्हांनी बघून घरी जायच्या.

तो स्वतः आक्काच्या मांडीला टेकून बसायचा. "काय चाललंय रे हणमंता?" ती विचारायची आणि तो सांगायचा. दिसेल ते सांगायचा, न दिसेल तेही सांगायचा. एकदा लढाई चालू असताना पडदा नुसता पांढरा झाला होता, तरी त्यानं ती लढाई शेवटापर्यंत लढवली होती. आजूबाजूची माणसंसुद्धा त्याचंच ऐकत बसली होती. आक्काचा हात त्याच्या केसांत होता, आणि लढाई ऐन भरात आली तेव्हा तो हात थांबला होता. त्याला ते थांबणं अजून आठवत होतं.

चित्र नीट बघायची खोड त्याला तिथं लागली. दुकान त्यानंतरचं.

"आक्का," तो म्हणाला. 

तेवढ्यात मागं पडद्याच्या कड्यांचा आवाज झाला.

बुवा उठले होते. नदीकडचा पडदा दोन्ही हातांनी धरून ते चालत निघाले होते, या खांबापासून त्या खांबापर्यंत. मंडपात नदी शिरावी तसा उजेड शिरला. माणसांनी डोळ्यांवर हात घेतले. राजवाडा धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा फिका पडला आणि त्यात औदुंबर उभा राहिला.

हणमंत धावत आत आला. पण बुवांच्या हातातला पडदा धरायला त्याचा हात उठला नाही.

सगळ्यांनी टीव्हीवर डोळे ताणले.

मग कुणीतरी विचारलं, "आता कोण आलं?"

"धाकटी राणी."

"धाकटी कुठली? थोरली हाय ती. चाल बघ तिची."

"चाल दिसती व्हय तुला? मला तर झाडच दिसतंय."

"आन् पोरगं?"

"बापाच्या मांडीवर."

"नव्हं, उतरवलं त्याला. आत्ताच उतरवलं."

"कुणी उतरवलं?"

माणसं सरकली, वळली, एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून पुढं वाकली. एक म्हातारा उठून टीव्हीला नाक लावून बघून आला आणि त्यानं जे सांगितलं, त्यावर आणखी वाद झाला. कुणीतरी हसलं.

बाहेर पायरीवर चंद्राक्काचे हात थांबले. ती उठली. खांब चाचपत आत आली आणि आपल्या जागी बसली. बसल्यावर तिनं शेजारच्या फरशीवर हात फिरवला.

"हणमंता," ती म्हणाली, "ही नुसतीच भांडत्यात. पोराला कुणी रं उतरवलं मांडीवरनं?"

हणमंत तिच्याशेजारी जाऊन बसला. मांडी घालून, लहानपणी बसायचा तसा. त्यानं समोर पाहिलं. डोळे बारीक केले, मान तिरकी केली. नदीचं ऊन नेमकं टीव्हीच्या मधोमध हलत होतं. राणी होती की राजा, मूल होतं की नुसती सावली, काही कळेना.

त्यानं बुवांकडं मान वळवली. बुवा पुन्हा खांबाला टेकून बसले होते.

"बुवा... इथून काही नीट दिसत नाही."

"नीट दिसत नाही?" बुवा म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. "मग नीट सांग."