मिशी मोजणारा कोणाचा?

बोकडाने पापड खाल्ले आणि शिक्षा झाली पापडवालीला. कोळथडीच्या दरबारात असा निकाल लागला.

बोकड साधासुधा नव्हता, उदाजीराजांचा लाडका होता. त्याने भिवराबाईचे चटईवर वाळत घातलेले उडदाचे पापड फस्त केले. पहिल्या न्यायाधीशांनी सांगितलं, बोकड बांधून ठेवा. दुसऱ्याच दिवशी त्यांची बदली काळझऱ्याच्या गडावर झाली. तिथे तक्रार घेऊन येणार ती फक्त वटवाघळं. दुसऱ्या न्यायाधीशांनीही तेच सांगितलं. तेही गड चढले. तिसरे न्यायाधीश संधिवाताने बेजार. त्यांनी एकदा गडाकडे पाहिलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि निकाल दिला, "पापड बोकडाच्या वाटेत पसरले होते. दोष पापडांचा. भिवराबाईने यापुढे पापड लाटू नयेत."

भिवराचं घर पापडांवरच चालायचं. ती तडक राजांसमोर उभी राहिली.

"सरकार, हा निकाल तुमच्या भीतीनं लागलाय."

"भीती कसली? मी त्यांना एक अक्षर तरी बोललो का?" राजे म्हणाले. "हे चुकलं असं माझ्याच तोंडून वदवून दाखव. आठ दिवस देतो. नाही जमलं तर पोळपाट-लाटणं इथे आणून ठेव."

"चालंल. फकस्त यंदा मिशा मोजणारा माणूस मी निवडणार."

राजे हसत हो म्हणाले. बाईने याहून अवघड काही मागितलं नाही याचंच त्यांना बरं वाटलं.

चंपाषष्ठीची जत्रा चार दिवसांवर आली होती. दर वर्षी या जत्रेत उदाजीराजे आणि त्यांचे मेहुणे, म्हणजे शेजारच्या वाघोऱ्याचे राजे, भर मांडवात मिशा मोजून घेत. जिंकेल तो वर्षभर पंगतीत पहिल्या पाटावर बसे. सात वर्षं तो पाट उदाजीराजांनी सोडला नव्हता. यंदा दोरी घेऊन पुढे आला तो मेहुण्यांच्याच पदरी असलेला न्हावी, गणोजी.

गणोजीने मेहुण्यांची मिशी या कानापासून त्या कानापर्यंत मोजली, वर कल्लेही धरले. उदाजीराजांची मात्र नाकापासून एकाच बाजूला मोजली आणि दोरी गुंडाळत म्हणाला, "वाघोरेकर जिंकले."

उदाजीराजे ताडकन उठले. "हा कसला मोजणारा? ह्याची चाकरी मेहुण्यांच्या हातात! आज माझ्या बाजूने बोलला, तर उद्या ते ह्याला तबेल्यात धाडतील. असा माणूस खरं मोजेलच कसा?"

"पण सरकार," भिवरा शांतपणे म्हणाली, "मेहुण्यांनी त्याला एक अक्षर तरी सांगितलंय का?"

आपलेच शब्द ओळखून राजे असे हसत सुटले की मिशीचं टोक तोंडात जाऊन त्यांना ठसका लागला.

"चुकलं बाई, चुकलं. मग मोजायला बसवू तरी कोणाला?"

"ज्याला नेमायचं, काढायचं, गडावर धाडायचं हे दोघांच्याही हातात न्हाई, त्याला."

राजांनी न्यायाधीशांच्या नेमणुकांचा आणि बदल्यांचा शिक्का तिथल्या तिथे नऊ जाणत्या पंचांच्या स्वाधीन केला. राजवाड्याला पापड पुरवण्याचा मान भिवराला मिळाला. गडावरचे दोघे खाली आले, आणि पापडांचा खटला पुन्हा उभा राहिला, त्याच संधिवाताच्या न्यायाधीशांपुढे.

"बोकड दोषी," ते म्हणाले. "आणि बोकड मोकळा सोडला म्हणून सरकारही दोषी."

सगळ्यांनी राजांकडे पाहिलं. राजे पोट धरून हसत होते. न्यायाधीशांनी मात्र तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी जोडे घातले आणि निवांत घरी जेवायला गेले.