पहिल्या झटक्यात बसलेली गाठ

"मग तुम्ही काढून दाखवा की."

सुकन्या हे आक्कांना म्हणाली. भांडण तासभर चाललं होतं, पण इतकं खाली कुणी उतरलं नव्हतं.

आक्कांचा उजवा हात चार वर्षांपासून थरथरतो. पेला धरला तर पाणी आधी पदरावर सांडतं, मग तोंडात जातं. त्याआधी तीस वर्षं त्यांनी मुंबईत हलती चित्रं काढली. जाहिरातीतली माकडं, पोस्टमन, साबणाचे फुगे. सेकंदाला बारा चित्रं, सगळी हातानं. शिकवलं कुणी नाही. स्टुडिओत झाडू मारायला जायच्या, तेव्हा टोपलीतले चुरगळलेले कागद घरी नेऊन शिकल्या.

पोरीला हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच म्हणाली.



आक्कांच्या सोबतीला राहणारी मी बाजूला शेंगा फोडत होते. हात थांबवला नाही. गर्विष्ठ पोरींना बघणारं माणूस लागतं, ते मी होणार नव्हते.

सुकन्या मगदूम इचलकरंजीची. पुण्याच्या कॉलेजात ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला. कॉम्प्युटरवर सहा प्रोजेक्ट केले, सहाही पहिले आले. सकाळपासून तिनं ते एकेक करून आक्कांना दाखवले. उसळणारा चेंडू, रुसलेलं पिठाचं पोतं, तारेवरचा कावळा. आक्का प्रत्येक वेळी "बरं आहे" म्हणाल्या. सहाव्याला त्यांनी माझ्याकडे चहा मागितला.

सातवा प्रोजेक्ट तिच्या आईचा.

आई गेल्या पौषात गेली. जन्मभर घरात बसून यंत्रमागवाल्यांसाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. फोटो चार-पाच, तेही लग्नकार्यातले, अवघडलेले. हलती-बोलती अशी ती कुठेच उरलेली नाही. म्हणून लेकीनं सात महिने खपून दीड मिनिटाची फिल्म केली. आई चरख्यापाशी बसली आहे. चाक फिरतं. सूत तुटतं. आई पहिल्या झटक्यात गाठ मारते, चाक पुन्हा फिरायला लागतं. एवढंच.

कॉलेजातले सर म्हणे उठून उभे राहिले.

मग तिनं ती वडिलांना दाखवली. आप्पांनी शेवटपर्यंत पाहिली, चष्मा काढून पुसला आणि सभ्यपणानं विचारलं, "कोण गं या बाई?"

त्याला तीन दिवस झाले होते. पोरगी जेवली नव्हती. कॉलेजात आक्कांचं नाव ऐकलेलं, तर एसटी पकडून कुरुंदवाडला आली आणि आक्कांपुढे लॅपटॉप उघडून म्हणाली, चूक सांगा. आक्कांनी फिल्म तीनदा पाहिली. चूक काहीच नाही, म्हणाल्या.

भांडण तिथून पेटलं. चूक नाही तर आप्पांनी ओळखलं का नाही? आक्का म्हणाल्या, मला काय माहीत, तुझ्या आईला मी कधी बघितलं नाही. पोरगी म्हणाली, तुम्हाला यातलं काही कळतच नाही, तुमचा जमाना कागदाचा. असं वाढत वाढत ते त्या वाक्यापर्यंत आलं.

"दे," आक्का म्हणाल्या.

सुकन्यानं चित्र काढायची पाटी पुढे सरकवली. काळी, गुळगुळीत पाटी. तिच्यावर पेन फिरवायचं, रेघ लॅपटॉपवर उमटते. आक्कांनी पेन धरलं. ते पाटीवर टकटक वाजायला लागलं. डावीकडून उजवीकडे वीतभर रेघ ओढायला त्यांना बराच वेळ लागला...

मी उठून बघितलं. बघायचं नव्हतं.

पडद्यावरची रेघ सरळ होती. तेल लावून पाडलेल्या भांगासारखी.

आक्कांनी हाताकडे पाहिलं. तो थरथरत होता. मग रेघेकडे.

"ही कुणी काढली?"

"तुम्हीच."

"मी नाही."

सुकन्या समजावून सांगायला लागली. हात हलला तरी मशीन रेघ सावरून घेतं. सगळेच ते चालू ठेवतात. तिनं पहिल्या वर्षी चालू केलं ते कधी बंदच केलं नाही, आहे हेसुद्धा विसरली होती. बोलता बोलता ती मध्येच थांबली.

"ते बंद करता येतं?" आक्कांनी विचारलं.

सुकन्यानं कुठेतरी बोट दाबलं. आक्कांनी पुन्हा रेघ ओढली. या वेळी हात होता तशीच आली. उसवलेल्या दोऱ्यासारखी, जागोजागी मुरडलेली.

सुकन्यानं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"तुझ्या आईचा हात असा होता?"

"शेवटची सहा वर्षं."

"गाठ कितव्या खेपेला बसायची?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, जसं काही उत्तर माझ्याकडे आहे. मी शेंग फोडली.

"तिसऱ्या. कधी चौथ्या. नाहीच बसली तर मला हाक मारायची."

"मग?"

"मी माडीवर असायचे. चित्रं काढत. कानात हेडफोन..."

"ऐकू यायचं नाही?"



"यायचं."

पुढचं ती भराभरा बोलली. पाटी आक्कांच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, तुम्ही काढा. सगळी नको, फक्त गाठीची. शंभर-सव्वाशे चित्रं. मी इथेच राहते, पाठ चोळून देते, सांगाल ते करते.

चार वर्षांत आक्कांना कुणी चित्र काढा म्हटलं नव्हतं. झाडू मारायच्या तेव्हापासून, चाळीस वर्षं, मी त्यांना ओळखते. त्यांना ते हवं होतं. हात पेनापर्यंत गेलासुद्धा...

मग त्यांनी तो पदराखाली घेतला.

"ही थरथर माझी आहे."

सुकन्या म्हणाली, थरथर घालायचीही सोय असते मशीनमध्ये. किती टक्के हवी ते सांगायचं.

आक्का हसल्या. मीही हसले. असल्या गोष्टीला हसायचं नाही तर काय करायचं. पोरगी हसली नाही. सावरणं बंदच होतं. तिनं पेन घेतलं आणि रेघ ओढली. सरळ आली. दुसरी ओढली. तीही सरळ. मनगट मुद्दाम हलवून तिसरी ओढली, ती नाटकातल्या म्हातारीसारखी आली. तिनं तिन्ही पुसल्या. बाविशीचा हात, घट्ट, निरोगी. त्याच्याकडे ती असं बघत होती, जणू तो कुणी तिच्या गळ्यात मारला होता.

"माझा हात नाही थरथरत, आक्का."

पेन खाली पडलं होतं. आक्कांनी ते दोन खेपांत उचललं आणि तिच्या बोटांत परत दिलं.

"ती हाक ऐकत काढ. थरथरेल."