दोघांनाही टाळ्या

एकदा एका तालुक्याच्या गावी प्रेरणादायी व्याख्यानांचा दिवस ठरला. गावात कर्णबधिर मुलांची लहानशी शाळा चालवणारी वैजयंती त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. शाळेतली मुले कमी होत चालली होती. पालक त्यांना एकेक करून जिल्ह्याच्या निवासी शाळेत धाडत होते. आपली शाळा चालू ठेवावी की बंद करावी, हे तिला उमगत नव्हते.

सकाळी एका गिर्यारोहकाने सांगितले की, बर्फाने बोटे गेली तरी तो मागे फिरला नाही, म्हणूनच शिखर गाठू शकला. वैजयंतीने मनाशी ठरवले, शाळा सोडायची नाही. दुपारी एका उद्योजिकेने सांगितले की, बुडता कारखाना वेळीच बंद केला, म्हणूनच ती पुन्हा उभी राहिली. वैजयंतीचा निश्चय डळमळला. तिने पुढच्या रांगेकडे पाहिले. तिला लहानपणी ज्यांनी शिकवले, ते वृद्ध गुरुजी तिथे होते. सकाळी त्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आताही ते तितक्याच मनापासून वाजवत होते. तिचा गोंधळ आणखीनच वाढला.

कार्यक्रम संपल्यावर तिने त्यांना गाठले आणि सारी अडचण सांगितली. "गुरुजी, तुम्ही दोघांसाठीही टाळ्या वाजवल्यात. मग मी कोणाचे ऐकू?"

गुरुजी म्हणाले, "दोघेही खरे बोलले. त्यांनी जे सोसले, त्याला मी मान दिला. पण तुझ्या शाळेविषयी ते बोलतच नव्हते, वैजयंती. मुले का जातात, हे तू त्यांच्या आईवडिलांना कधी विचारलेस?"

तिने कधीच विचारले नव्हते. पालकांचा आपल्यावरचा विश्वास उडाला, असे तिने स्वतःच ठरवून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या शाळेतल्या चौथीच्या रेवतीच्या घरी गेली. रेवतीचा प्रवेश जिल्ह्याच्या निवासी शाळेत नुकताच झाला होता. तिची आई आधी अवघडली, मग म्हणाली, "ताई, तुमच्याकडे चौथीच्या पुढं वर्ग नाही. पोरीला तर शिकायचंय. पण तुम्हाला सोडून जायचं म्हणून रोज रडते. तुम्हाला सांगायला आम्हा सगळ्याच आईबापांना जड जात होतं."

वैजयंतीने लहान मुलांसाठी शाळा चालू ठेवली. रेवतीला पोहोचवायला ती स्वतः गेली. तिथल्या मुलींशी रेवतीचे हात खुणांनी बोलू लागले, तेव्हा वैजयंती हळूच निघाली. परतीच्या बसमध्ये तिचे डोळे भरून आले. मनात गोंधळ मात्र उरला नव्हता.