अर्धा सल्ला

दोन डोंगरांच्या मधे एक बाजाराचं गाव होतं. तिथे राजाने एक सल्लाघर बांधलं होतं. ज्याला छोटासा धंदा काढायचा आहे, पण कसा काढायचा ते ठाऊक नाही, त्याने तिथे जावं, हवं ते विचारावं, स्वतःच्या हाताने करून शिकावं. शिकणाऱ्याला काही द्यावं लागत नसे. सगळा खर्च दरसाल सरकारी खजिन्यातून अनुदान म्हणून येई.

या सल्लाघरावर त्रिंबकअप्पा नावाचा एक म्हातारा माणूस नेमला होता. अप्पांची उभी हयात राजाच्या कारखान्यांत गेली होती. कापड रंगवणं, साबण करणं, तेल काढणं, कुठला माल कुठल्या बाजारात खपतो, सगळं त्यांना येत होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सल्लाघराच्या मागच्या खोलीत ते एकटेच राहत आणि स्वतःपुरत्या दोन भाकऱ्या थापत.

पहिली दोन-तीन वर्षं सल्लाघरात पाय ठेवायला जागा नसे. अप्पा मनापासून शिकवत. लोक शिकले, त्यांचे धंदे लागले, आणि मग ते यायचे थांबले. त्यात वाईट काही नव्हतं. ज्याला साबण करता येऊ लागला, तो साबण करायला बसला. बाजाराच्या वाटेवर कुणी दिसलाच तर गाडीतूनच हात वर करून रामराम करी आणि पुढे जाई. घाईत असे बिचारा.

अप्पा दिवसभर ओट्यावर बसून राहत. कधी कधी संध्याकाळी त्यांच्या लक्षात येई, की आज सकाळपासून आपण एक शब्दही बोललो नाही.

मग एकदा एक बुरूड टोपल्यांना रंग द्यायचं शिकायला आला. निम्मं सांगून झाल्यावर अप्पा थांबले. का थांबले, ते त्यांचं त्यांनाही नीट कळलं नाही. चार दिवसांनी बुरूड अडला आणि परत आला. दोघांनी बसून गूळपाणी घेतलं, गप्पा झाल्या. अप्पांना फार बरं वाटलं.

तेव्हापासून अप्पा कुणालाच पूर्ण सांगेनासे झाले. एखादी गोष्ट हातची राखून ठेवत. लोक अडत आणि परत येत. सल्लाघर पुन्हा भरलं. राजाचा कारभारी पाहणीला आला, ती गर्दी बघून खूश झाला आणि अनुदान चालू ठेवून गेला.

त्याच सुमारास भिवरा नावाची एक बाई आली. तिचा नवरा परमुलखात गेला होता, तो परतलाच नाही. घरात ती एकटी. तिला लुगडी रंगवायला शिकायची होती. अप्पांनी तिला सुताची खळ काढायला शिकवलं, हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायला शिकवलं, मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून लाल रंग काढायला शिकवलं. फक्त तुरटीचं सांगितलं नाही. तुरटीवाचून रंग वरवर बसतो, धाग्याला धरत नाही. ही अडेल आणि येईल, असं त्यांच्या मनात होतं.

पण भिवरा लवकर आली नाही. आली ती महिन्याने. डोक्यावरचं गाठोडं तिने ओट्यावर सोडलं. आत लुगडी होती, डागाळलेली, फिकी पडलेली. एका लग्नघराने तिला अकरा लुगडी रंगवायला दिली होती. हळदीच्या दिवशी पाणी लागलं आणि सगळ्यांचा रंग उतरला. बायकांचे हात-पाय लाल झाले. नवरीच्या आईने चारचौघांत भिवराला नाही नाही ते ऐकवलं.

हे सगळं भिवराने खाली मान घालून सांगितलं. मग म्हणाली, "तुम्ही चांगलंच शिकवलं होतं, अप्पा. माझ्याच हाताला गुण नाही. आता चूल मोडते आणि भावाच्या दारात जाऊन राहते. जाताना सांगून जावं म्हणून आले."

ती निघाली असती. अप्पा गप्प राहिले असते, तर कुणाला काही कळलंही नसतं.

"थांब, भिवरा," अप्पा म्हणाले. "तुझ्या हातात खोट नाही. हिरड्यानंतर कापड तुरटीच्या पाण्यात घालायचं असतं. ते मी तुला सांगितलंच नाही. मुद्दाम सांगितलं नाही."

"का?"

"तू परत यावीस म्हणून. इथे कुणी येत नाही गं."

भिवरा लुगडी गोळा करू लागली. करता करता म्हणाली, "तुम्ही नुसतं 'ये' म्हणाला असतात, तरी आले असते मी."



दुसऱ्या दिवशी अप्पा लग्नघरी गेले. चूक आपली आहे, भिवराची नाही, असं त्यांनी दारात उभं राहून सांगितलं. तिथे त्यांनाही बोल ऐकावे लागले. मग सल्लाघराच्या परसात भट्टी पेटवून त्यांनी भिवराकडून अकराही लुगडी नव्याने रंगवून घेतली. त्यानंतर ते घरोघर फिरले. ज्याच्यापासून जे राखून ठेवलं होतं, ते त्याला सांगितलं. काही जण रागावले, काही हसले. बुरडाने तर घरातही घेतलं नाही, अंगणातच ऐकून घेतलं.

सल्लाघर पुन्हा ओस पडलं. भिवरा दोन-चारदा नुसतीच येऊन बसली. पुढे तिच्याकडे इतकं काम आलं, की तिलाही सवड होईना.

वर्षाने कारभारी आला. रिकामी जागा पाहून त्याने कारण विचारलं. अप्पांनी मागची गर्दी कशी जमली होती, तेही लपवलं नाही. कारभारी गावात फिरला, चालू भट्ट्या आणि माग पाहिले, आणि परत येऊन म्हणाला, "इथलं काम संपलं. डोंगरापलीकडे एक गाव आहे, तिथे कुणाला काहीच येत नाही. अनुदान तिकडे नेतो. तुम्ही जाल?"

अप्पा जातो म्हणाले.

ते निघाले तो बाजाराचा दिवस होता. निरोप द्यायला कुणी आलं नाही, ज्याचा त्याचा माल मांडायचा होता. अप्पांची गाडी बाजाराच्या मधून गेली. गिऱ्हाइकांची इतकी झुंबड होती, की एकानेही मान वर करून पाहिलं नाही. अप्पांनी गाडीवानाला जरा हळू हाकायला सांगितलं, आणि शेवटचं दुकान मागे पडेपर्यंत ते दोन्ही बाजूंना बघत राहिले.

तात्पर्य इतकंच: खरा सल्ला तोच, जो मिळाल्यावर माणसाला पुन्हा विचारायला यावं लागत नाही, देणारा एकटा पडला तरी तो पुराच द्यावा.