कालिंदीचा चपटा मिथेन

एका गावात एका सुताराची मुलगी राहायची. कालिंदी तिचं नाव. उत्साह असा, की बाईंचं वाक्य अर्धं होतंय न होतंय तोच हिचा हात वर!

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिला मिथेनचा रेणू मांडायचा होता. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. मधे कार्बनचा एक अणू, भोवती हायड्रोजनचे चार. कार्बन प्रत्येकाशी इलेक्ट्रॉनची भागीदारी करतो; एक याचा, एक त्याचा, आणि जोडी दोघांच्याही मालकीची. हाच त्यांना बांधणारा बंध. पुस्तकात हा रेणू अधिकच्या चिन्हासारखा काढला होता. कालिंदीने सागवानी गोळे तासले, चित्राबरहुकूम चार दांड्या बसवल्या, पॉलिश केलं. चकचकीत, चपटा मिथेन! गावाने तोंडभरून कौतुक केलं. पहिला नंबर आता आपलाच, असं तिलाही वाटू लागलं.

प्रदर्शनाच्या सकाळी टेबल सजवायला म्हणून तिने घरीच चार फुगे फुगवले आणि तोंडाशी एकत्र बांधले. ते काही केल्या आडवे बसेनात. दाबले की एक टुणकन वर! तीन खाली पसरलेले, चौथा आभाळाकडे. कालिंदी बघतच राहिली. मग ओरडली, "अगं, हे एकमेकांना ढकलताहेत! बंधातल्या जोड्याही अशाच एकमेकींना दूर सारतात. मग मिथेन चपटा कसा असेल? कागद चपटा, म्हणून चित्र चपटं!"

"गप बस," तिची मैत्रीण मीनल म्हणाली. "पुस्तकात तसंच आहे. हातातला नंबर घालवशील."

कालिंदीला रडूच आलं. इतकं देखणं काम! पण तिने दांड्या उपसल्या आणि वडिलांकडे धावली. "अप्पा, तीन भोकं नवी पाडायचीत. लवकर!"

"सगळं पॉलिश खराब होईल गं," वडील हळहळले.

"होऊ दे. चुकीचं आहे ते."

वडिलांनी गिरमिट उचललं.

प्रदर्शनात परीक्षकांनी कार्बनच्या गोळ्यावर बोट ठेवलं. "ही तीन रिकामी भोकं कसली?"

"ती माझी चूक, सर. आधी मी पुस्तकात बघून चपटा केला होता. हे फुगे दाबून बघा ना!"

सरांनी दाबले. एक फुगा टुणकन वर! पुन्हा दाबले, पुन्हा वर! सर खळखळून हसले आणि आजूबाजूच्या शिक्षकांना हाका मारू लागले. "अहो, इकडे या! आपण वर्षानुवर्षं फळ्यावर अधिकचं चिन्ह काढतोय, आणि रेणू बघा कसा चहूबाजूंना पसरलाय!"

टेबलाभोवती ही झुंबड उडाली. पहिला नंबर म्हणून कालिंदीचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा तिला ऐकूच आलं नाही. ती पाचवीच्या मुलींना सांगत होती, "दाबा गं, अजून जोरात दाबा!"

तात्पर्य: खरं कळल्यावर आपलंच देखणं काम मोडायला जो कचरत नाही, त्यालाच नवं काही सापडतं.